उषाबाईच्या आजीचं गाणं

लोटूने आयुष्यात गाणी किती रचली ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. लग्नातली रचली, बारशातली रचली, गणपतीत मंडळांना रचून दिली. एका निवडणुकीत तर एकाच वॉर्डातल्या दोन उमेदवारांना एकाच चालीवर गाणी बांधून दिली आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. त्यातलं एक गाणं म्हणून टिकलं नाही. टिकलं ते एकच, सगळ्या खानदेशाच्या तोंडी बसलं, आणि नेमकं त्याच्यावर लोटूचं नाव नव्हतं. बरं, नाव घालवलं कुणी? दुसऱ्या कुणी नाही, खुद्द या शहाण्यानेच.

माणूस मूळचा पारोळ्याकडचा. सुरतेला आला, लिंबायतेत भाड्याची खोली घेतली आणि उधन्याच्या एका खात्यात कारीगर म्हणून लागला. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात आणि लूमला साचा. चार साचे एकटा सांभाळायचा. खात्यातला आवाज असा, की शेजारच्या माणसाला बोंबलून हाक मारली तरी ऐकू जात नाही, सगळं हातवाऱ्यांनी चालतं. इतरांची त्या आवाजाने डोकी उठायची. लोटूला मात्र तो आवाज आंदणच मिळाल्यासारखा होता. साच्यांच्या खडखडाटात तो गळा फाडून गायचा. सूर चुकला, शब्द फसला, तरी ऐकायला आहे कोण? धोटा इकडून तिकडे जातोय, तेवढ्यात ओळ बसली पाहिजे, हा त्याचा ताल.

लिहायची भानगड नव्हती. शिक्षण चौथीपर्यंत, आणि हात कायम सुताच्या तारांमध्ये गुंतलेले. पाळी संपवून घरी यायचा, आंघोळ करायचा आणि भाकरी थापत असलेल्या उषाबाईसमोर बसून ओळ म्हणायचा. ती मान वर न करता ओळ परत म्हणायची. जिथे ती अडखळली तो शब्द वाईट, काढून टाकायचा. जी ओळ तिच्या तोंडून सरळ आली ती पक्की. उषाबाईचा आवाज त्याच्यापेक्षा चांगला होता, हे तो स्वतः कबूल करायचा, आणि नवरा म्हणून ही गोष्ट काही लहान नाही. गाणी सगळी तिच्या डोक्यात. दुसरा पुरावा जगात कुठेच नाही.

एक्याण्णव साली गल्लीने पहिल्यांदा सुरतेत कानबाई बसवली. त्याआधी श्रावण आला, की खानदेशी माणूस रजा घेऊन गावी पळायचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, नारळाला नथ-डोळे लावून देवी सजवतात, रोटांचा नैवेद्य होतो आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. पण त्या साली रजा कुणालाच मिळाली नाही. लोटूला तर गावी जाऊन करायचं तरी काय होतं? आई गेलेली, भाऊही इकडेच सुरतेजवळ इच्छापोरला कामाला, घराला कुलूप. साच्यांपुढे उभं राहून त्याच्या मनात सारखं तेच येत होतं. रविवारी कानबाई आपल्या दाराशी येईल, कुलूप बघेल आणि उभी राहील. मग ती कुठे जाईल? या एका विचाराने त्याचं काळीज पिळवटलं आणि चार दिवसांत गाणं झालं.

‘दारले कुलूप कानबाई, आंगन शे सुनं,
कोन भरी तुन्ही ओटी, माय, कोन शे तुनं?’

उषाबाई एकदाही अडखळली नाही. म्हणता म्हणता तिने भाकरी करपवली.

आता खरी गंमत इथे आहे. गल्लीची कानबाई मंगलाबाईंच्या घरी. म्हातारी अमळनेरकडची, गल्लीतल्या बायांची पुढारीण, तिच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. तिचा दंडक असा, की कानबाईपुढे बायकांच्या तोंडून बायकांच्या तोंडी आलेलंच गाणं म्हणायचं. आईने लेकीला दिलेलं, सासूने सुनेला दिलेलं. नवं बांधलेलं चालायचं नाही, आणि पुरुषाने बांधलेलं तर नावच काढायचं नाही. लोटूसारख्या सिनेमाच्या चालीवर वरातीची गाणी पाडणाऱ्याचं गाणं तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं.

रविवारी दुपारी बाया रोटांचा गहू दळायला बसल्या आणि जात्याच्या घरघरीवर उषाबाईने ते गाणं लावलं. बाकीच्यांनी मागून ओळ उचलली. दुसऱ्या कडव्याला दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावला. मंगलाबाईंनी जातं थांबवलं.

“कोन्या गावनं शे वं हाई गानं?” त्यांनी विचारलं.

उषाबाईने दाराकडे पाहिलं. दारात लोटू नारळांची पिशवी घेऊन उभा होता. खरं सांगावं तर गाणं तिथेच मेलं असतं. त्याने क्षणाचाही विचार केला नाही.

“तिन्ही आजीनं शे, माय,” तो म्हणाला. “बोरीकाठनं. म्हातारी दळताना म्हने.”

“म्हनीसनच,” मंगलाबाई म्हणाल्या. “आसं गानं आते कोन करस?”

यापेक्षा मोठी शाबासकी लोटूला जन्मात मिळाली नव्हती, आणि यापेक्षा मोठा फास त्याने जन्मात स्वतःच्या गळ्यात घातला नव्हता. पण त्या दिवशी स्वारी खूश. घरी येऊन हसू आवरेना. म्हातारीला कसं बनवलं म्हणून बायकोला टाळ्या देत होता. उषाबाईची ती आजी खरोखर होती, पण बिचारी आयुष्यात एक ओळ गायली नव्हती. शिव्या मात्र रोज द्यायची.

मग बाया उषाबाईला आजीबद्दल विचारायला लागल्या. सुरुवातीला ती टाळाटाळ करायची. मग थोडं थोडं सांगायला लागली. आजी पहाटे उठायची, आजीच्या गळ्यात देवीचा वास होता, मरताना तिने हे गाणं नातीच्या हवाली केलं. खोट्याला खोटं जोडावं लागतंच. गल्लीत तिला मान मिळाला. ओटी भरायला, हळदी-कुंकवाला आधी उषाबाई. कापड रंगवायच्या कारखान्यात धागे सुटे करत बसणारी बाई, तिला कुणी आजवर आधी बोलावलं नव्हतं.

चौऱ्याण्णवला सुरतेत प्लेग आला. रातोरात शहर रिकामं व्हायला लागलं. लोटू, उषाबाई आणि त्यांची लेक धनश्री, तिघंही भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत कसेबसे घुसले. दिवसाउजेडी माणसं टपावर बसली होती. तोंडाला फडकी बांधलेली, कुणी कुणाला शिवत नव्हतं, कुणी खोकला तर आख्खा डबा त्याच्याकडे बघायचा. व्यारा स्टेशन सुटल्यावर कोपऱ्यातल्या एका बाईने फडक्याआडून ते गाणं सुरू केलं. श्रावण कधीच संपला होता, पण देवीला हाक मारायला श्रावण कशाला लागतो? डब्यातल्या बायांनी ओळ उचलली. लोटू दारात लटकला होता. त्याला मरणाची भीती वाटत होती आणि आनंदाने रडूही येत होतं. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जिथे जिथे बाया उतरल्या तिथे तिथे गाणं त्यांच्याबरोबर उतरलं.

पुढच्या श्रावणात ते गावोगाव होतं. शहाण्णवला त्याची कॅसेट निघाली. प्रमिलाबाई नावाच्या गायिकेचा आवाज, मागे ढोलकी आणि बाजा, आणि वर छापलेलं, ‘पारंपरिक’. पर्वत पाटियाच्या रिक्षांमधून, चहाच्या टपऱ्यांवरून, कडोदऱ्याच्या खात्यांबाहेरून दिवसभर तेच वाजायचं. लोटू ज्या टपरीवर चहा प्यायचा तिथेही वाजायचं, आणि लोक त्याच्याच शेजारी बसून मान डोलवायचे. “जुनं ते जुनंच,” एकजण त्याला म्हणाला. लोटूने अर्धा चहा तसाच टाकला.

तो कॅसेट काढणाऱ्या महेशकडे गेला. महेश शिरपूरचा, पर्वत पाटियाला कॅसेटचं दुकान आणि मागे राहायची खोली. माणूस वाईट नव्हता. त्याने लोटूला स्टूल दिलं, पाणी दिलं, ऐकून घेतलं.

“कुलुपाचं गाणं तुझं?” तो म्हणाला. “अरे भाऊ, ते माझी आजी म्हणायची. तिच्या मांडीवर ऐकलंय मी.”

“ते मी एक्याण्णवला बांधलंय.”

महेशने मागच्या खोलीतून आजीलाच बोलावलं. म्हातारी काठी टेकत आली, गाण्याची ओळ ऐकली आणि तिचा चेहरा फुलला. आमच्या लग्नात म्हणत, ती म्हणाली, माझी मोठी जाऊ सांगायची. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच आठवत होतं. लोटू तिच्याकडे बघत राहिला. ऐंशी वर्षांच्या बाईला तिचं लग्न खोटं आहे म्हणून कसं सांगायचं?

“हे बघ,” महेश शेवटी म्हणाला, “तू मंडळांना बांधून दिलेली गाणी मी ऐकली, बरी आहेत. पण नवख्याची कॅसेट कोण घेतो? हे गाणं तुझं असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या गल्लीतूनच निघालंय म्हणतोस ना? मग तिथल्या जाणत्या बायांपुढे, माझ्या कानावर पडेल असं, कुणीतरी सांगू दे. अख्खी कॅसेट काढतो तुझी. वर फोटो टाकतो.”

सांगणारी एकच होती.

“माले नका सांगू,” उषाबाई म्हणाली. “कानबाईसमोर बसून मी आजीचं म्हटलंय. एकदा नाही, दर साली. आता त्याच तोंडाने काय सांगू?”

“खोटं मी बोललो होतो. तुझं काय गेलं?”

“तुम्ही एकदा बोलले. पुढचं सगळं मी बोलले.”

त्याने समजावलं, विनवलं, मग ओरडला. ताट सरकवून दिलं. ती भांडी उचलत राहिली. त्या घरात भांडणं पूर्वीही व्हायची, पण भांडण झाल्यावर लोटू काहीतरी गुणगुणायचा आणि ती मनाविरुद्ध ओळ पुरी करायची, की भांडण मिटलं. या वेळी तो गुणगुणला नाही.

सत्त्याण्णवच्या मिरवणुकीत त्याने तमाशाच केला. सोमवारची सकाळ, डोक्यावर कानबाई, बाया गाणं म्हणत तापीकडे निघालेल्या, आणि हा बहाद्दर रस्त्यात आडवा. हे गाणं माझं आहे, मी रचलंय, साच्यावर उभं राहून रचलंय, असं घसा ताणून सांगत सुटला. आधी सगळे गोंधळले, मग हसले. मंगलाबाई मात्र हसल्या नाहीत.

“कानबाईनं गानं तुनं?” त्या म्हणाल्या. “मंग कानबाई बी तुनीच शे का?”

बाया पुढे गेल्या. उषाबाई खाली मान घालून त्यांच्याबरोबर गेली.

त्या दिवसापासून गल्लीत त्याचं नाव ‘आजी’ पडलं. खात्यात कारीगर हातवारे करून पदर घेतल्याची नक्कल करायचे. धनश्री तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. शाळेच्या कार्यक्रमात तिला तेच गाणं म्हणायला निवडलं होतं आणि बाईंनी लोकगीत म्हणून सांगितलं होतं. लोटू म्हणाला, बाईंना सांग, माझ्या वडिलांचं आहे. पोरीने दप्तर भरता भरता म्हटलं, “पप्पा, जवा दो ने. बधा हसे छे.” सगळे हसतात, सोडा आता. आपली पोर आपल्याला खोटारडा समजते, आणि तेही दयेने, हे त्याला फार लागलं.

त्यानंतर त्याने रचणंच सोडलं. साच्यापुढे तोंड मिटून उभा राहायचा. जो आवाज त्याला आंदण वाटायचा तो आता डोक्यात घण घालायला लागला. तारा तुटल्या तरी त्याचं लक्ष नसायचं, शेठ बोलायचा, हा ऐकून घ्यायचा. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदाच तो उषाबाईला म्हणाला, “माझ्या हातून जन्मात एकच चांगली गोष्ट झाली. तीही माझी नाही, तर मग मी आहे तरी कशाला?”

थोड्याच दिवसांनी भाजीवाली शांताबाई धावत आली. तुझा नवरा दुपारपासून तापीच्या पुलावर कठड्याला धरून उभा आहे, हाक मारली तर बघत नाही, म्हणाली. उषाबाई अनवाणी पळाली. तिने त्याला दंडाला धरून, रिक्षात घालून घरी आणलं. रिक्षावाल्याने नेमकी तीच कॅसेट लावली होती. उषाबाईने त्याला ती बंद करायला सांगितली.

अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात मंगलाबाईंकडे दळण मांडलं. उंबऱ्याबाहेर ओट्यावर महेश आणि लोटू, दोघांना उषाबाईनेच बोलावून घेतलेलं. आत बाया. मंगलाबाईंनी नेहमीप्रमाणे उषाबाईला सांगितलं, लाव आजीचं. उषाबाईने जात्याच्या खुंट्यावर हात ठेवला.

“मन्ही आजी कधी गायनीच नही,” ती म्हणाली. “गाणं यांनी बांधलंय. माझ्यासमोर बांधलं. मी भाकरी करत होते. इतकी वर्षं मी देवीपुढे खोटं बोलले. शिक्षा व्हायची ती मला होऊ दे.”

मंगलाबाईंनी मान वळवून ओट्याकडे पाहिलं.

“खरं शे, लोटू?”

“खरं, माय.”

“बरं,” मंगलाबाई म्हणाल्या.

कुणी शिवी दिली नाही, कुणी उषाबाईला उठवलं नाही. मंगलाबाईंनी पायलीतला गहू जात्यात टाकला आणि दुसरं गाणं लावलं. बायांनी ते उचललं. उषाबाईही दळायला लागली. बाहेर महेशने लोटूच्या पाठीवर थाप मारली. लोटूला रडू फुटलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत कुलुपाचं गाणं झालं नाही, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. इतका तो सुखात होता.

महेश शब्दाला जागला. पुढच्या उन्हाळ्यात कॅसेट निघाली. वर लोटूचा फोटो, इस्त्रीचा शर्ट, हातात वाजवता न येणारी पेटी, आणि खाली ‘गीत व संगीत’ म्हणून पूर्ण नाव. पहिलंच गाणं कुलुपाचं. धनश्रीने ती कॅसेट शाळेत नेऊन दाखवली. लोटू पुन्हा साच्यांपुढे गायला लागला. घरात पुन्हा ओळी बनायला लागल्या. काही महिने तो माणूस खरोखर जगला.

आणि मग नव्व्याण्णवचा श्रावण आला. कॅसेटी दुकानात पडून राहिल्या. महेश म्हणाला, प्रमिलाबाईंची जुनी कॅसेटही आता कुणी मागत नाही. रिक्षांमधून गाणं गेलं. टपऱ्यांवरून गेलं. गाणं लोटूने बांधलं ही गोष्ट गल्लीतून डिंडोलीला गेली, तिथून नंदुरबारला, तिथून आणखी पुढे. पारोळ्याहून आलेला पाहुणा म्हणाला, ते तुमचं लूमवाल्याचं गाणं ना, ते बायांनी सोडलं आमच्याकडे. कुणी बंदी घातली नव्हती. कुणी रागावलंही नव्हतं. म्हणायचं राहून जात होतं, एवढंच.

रविवारी दुपारी दळण मांडायच्या आधी लोटू मंगलाबाईंच्या दारी गेला. चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याशी बसला.

“माय, मी खोटं बोललो होतो,” तो म्हणाला. “नावासाठी. उषीला मीच भरीला घातलं. गाणं तिच्या आजीचंच आहे. म्हणा तुम्ही.”

मंगलाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच त्याला ती सहन होईना.

“गानं चांगलं शे, लोटू,” त्या म्हणाल्या. “लई चांगलं. पन आते म्हनाले बसनू तं डोयासमोर कानबाई येत नही, तू येस. तुना तो साचा येस. मी काय करू?”

तो हात जोडून तसाच बसला. त्यांनी सूप पुन्हा उचललं.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुरुष मागे, बाया पुढे, मंगलाबाईंच्या शेजारी उषाबाई. ओळीने एकेक गाणं झालं. पाण्याच्या कडेला कानबाई खाली ठेवली, की ओटी भरताना कुलुपाचं गाणं लागायचं, गेलं साल सोडलं तर दर साली तिथेच. बाया क्षणभर थांबल्या. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. उषाबाईने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

लोटूने मागून सुरू केलं. साच्यांशिवाय, उघड्यावर, लोकांसमोर तो कधी गायला नव्हता. आवाज फाटका लागला. त्याने दोन ओळी म्हटल्या आणि बाया उचलतील म्हणून थांबला. मग मंगलाबाईंनी दुसरं गाणं लावलं आणि सगळ्यांनी ते उचललं.